मेकॉलेचे ते ‘भाषण’ : २ फेब्रुवारी १८३५ या तारखेची पडताळणी

एका स्मरणिकेच्या संपादनाचे काम माझ्याकडे असताना शिक्षण आणि मातृभाषा या विषयावरचा एक लेख आला. लेख चांगला होता, पण त्याची सुरुवातच एका लांबलचक अवतरणाने झाली होती आणि त्याखाली ‘लॉर्ड मेकॉले, ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषण, २ फेब्रुवारी १८३५’ असा संदर्भ दिला होता. मजकूर बहुतेक वाचकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असेल. त्याचा मराठी आशय असा : मी भारतभर उभा-आडवा प्रवास केला, पण मला एकही भिकारी किंवा एकही चोर दिसला नाही, या देशात मी एवढी संपत्ती, एवढी उच्च नैतिक मूल्ये आणि एवढ्या योग्यतेची माणसे पाहिली की, या राष्ट्राचा कणा म्हणजे त्याचा आध्यात्मिक आणि सांस्कृतिक वारसा मोडल्याशिवाय आपण हा देश कधी जिंकू शकू असे मला वाटत नाही, म्हणून त्याची प्राचीन शिक्षणपद्धती आणि संस्कृती आपण बदलून टाकावी, कारण जे जे परकीय आणि इंग्रजी ते ते आपल्यापेक्षा श्रेष्ठ असे भारतीयांना वाटू लागले की ते आत्मसन्मान गमावतील आणि आपल्याला हवे तसे, म्हणजे खरोखरीचे अंकित राष्ट्र, होतील.

लेखकांना दूरध्वनी करून मूळ संदर्भ विचारला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, हे तर सगळीकडे छापलेलं आहे. जुन्या कागदाचा फोटोसुद्धा आहे माझ्याकडे.” तो फोटो त्यांनी पाठवलाही. पिवळसर, कडा जळल्यासारख्या दिसणाऱ्या पार्श्वभूमीवर जुन्या वळणाच्या इंग्रजी टंकात हाच मजकूर होता. त्यावर ग्रंथाचे नाव नव्हते, पृष्ठक्रमांक नव्हता, मुद्रकाचा उल्लेख नव्हता. कागद जुना दिसणे आणि कागद जुना असणे यांत फरक असतो, एवढेच त्या फोटोवरून शिकण्यासारखे होते. तो बाजूला ठेवून मी अवतरणाखालच्या त्या एका ओळीकडे वळलो.

पडताळणीच्या दृष्टीने ती ओळ हे लेखकांनी नकळत केलेले मोठेच उपकार होते. ‘अमुक थोर पुरुष एकदा म्हणाले होते’ अशा मोघम श्रेयाचे खंडन करणे फार अवघड असते, कारण माणूस आयुष्यभरात कुठेही, कुणाशीही, काहीही बोललेला असू शकतो आणि ‘तो असे कधीच बोलला नाही’ हे सिद्ध करायला त्याचे सारे आयुष्य चाळावे लागते. येथे मात्र व्यक्ती, स्थळ आणि दिवस तिन्ही नेमके दिलेले होते. जो दावा एवढा नेमका असतो तो तपासता येतो, आणि तपासता येतो म्हणून खोटाही ठरवता येतो.

पहिला प्रश्न साधा होता : त्या दिवशी मेकॉले कुठे होता? थॉमस बॅबिंग्टन मेकॉले हा १८३३ च्या सनदी कायद्यानुसार गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात निर्माण झालेल्या विधी सदस्याच्या पदावर नेमला गेला, त्यासाठी त्याने कॉमन्स सभागृहातील लीड्सची जागा सोडली आणि फेब्रुवारी १८३४ मध्ये तो इंग्लंडहून निघाला. जहाज १० जून १८३४ रोजी मद्रासला लागले. तेथून तो म्हैसूरमार्गे नीलगिरीवर, उटकमंडला, गेला, कारण गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक प्रकृतीच्या कारणाने तेथे मुक्कामाला होता. आणि त्यानंतर तो कलकत्त्यास पोहोचला. पुढे १८३८ च्या सुरुवातीपर्यंत तो भारतातच होता. इंग्लंड ते मद्रास या एका फेरीलाच सुमारे चार महिने लागत असताना, मधल्या काळात गुपचूप लंडनला जाऊन भाषण करून येण्याची कल्पनाही करता येत नाही. शिवाय तो तेव्हा खासदारच नव्हता. पुन्हा निवडून आला तो १८३९ मध्ये, एडिनबर्गमधून. आणि ‘लॉर्ड’ ही पदवी त्याला मिळाली १८५७ मध्ये, म्हणजे या कथित भाषणानंतर बावीस वर्षांनी. पुढे मिळालेली पदवी मागच्या काळाला चिकटवण्याची सवय आपल्या सर्वांनाच असते, त्यामुळे हा मुद्दा एकटा फार वजनाचा नाही. पण समकालीन कागदाचे सोंग घेतलेल्या त्या फोटोत ‘लॉर्ड’ छापलेले असणे सोंगाला शोभणारे नव्हते.

दुसरा प्रश्न मला नंतर सुचला, आणि त्याचे उत्तर मिळाले तेव्हा मी स्वतःशीच हसलो. त्या दिवशी पार्लमेंट तरी कुठे होते? रॉबर्ट पीलचे सरकार आल्यावर डिसेंबर १८३४ च्या अखेरीस ब्रिटिश पार्लमेंट विसर्जित झाले, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत निवडणुका चालल्या आणि नवे पार्लमेंट प्रथम भरले ते १९ फेब्रुवारी १८३५ रोजी. म्हणजे २ फेब्रुवारीला वक्ता कलकत्त्यात होता आणि ज्या सभागृहात त्याने भाषण केले असे सांगितले जाते ते सभागृह अस्तित्वातच नव्हते. आधीच्या ऑक्टोबरात लागलेल्या आगीत वेस्टमिन्स्टरचा जुना वाडाही बराचसा जळून गेला होता, पण तो तपशील येथे वरकड आहे. पार्लमेंटमधील भाषणांचे ‘हॅन्सर्ड’ या नावाने ओळखले जाणारे वृत्तान्त १८०३ पासूनचे उपलब्ध आहेत आणि आज ते कुणालाही शोधून वाचता येतात. एखादे भाषण पार्लमेंटमध्ये झाले असे कुणी म्हणत असेल, तर आधी हे वृत्तान्त उघडावेत. येथे मात्र ज्या दिवशी बैठकच नव्हती त्या दिवसाचे पान उघडण्याचा प्रश्नच नव्हता.

एवढ्यावर प्रकरण मिटवता आले असते. पण लेखकांना ‘तारीख चुकली असेल, पण बोलला तर असेलच’ असे म्हणायला जागा राहिली असती, आणि हा आक्षेप अगदी गैरही नाही. खऱ्या अवतरणांच्याही तारखा आणि स्थळे पुष्कळदा चुकतात. म्हणून ही तारीख आली कुठून याचा शोध घेणे आवश्यक होते, आणि तो फार लांब नव्हता.

२ फेब्रुवारी १८३५ ही तारीख खरी आहे. त्या दिवशी मेकॉलेने कलकत्त्यात आपले शिक्षणविषयक टिपण लिहून सादर केले. तो सार्वजनिक शिक्षण समितीचा अध्यक्ष होता आणि समितीत दोन तट पडलेले होते : संस्कृत व अरबी विद्येला सरकारी पैसा द्यावा असे म्हणणारे एका बाजूला, आणि इंग्रजीतून पाश्चात्त्य ज्ञान शिकवावे असे म्हणणारे दुसऱ्या बाजूला. वादाचा कायदेशीर मुद्दा १८१३ च्या सनदी कायद्यातील त्या प्रसिद्ध कलमाचा होता, ज्यानुसार साहित्याचे पुनरुज्जीवन आणि सुधारणा यांसाठी दरसाल एक लाख रुपये बाजूला काढायचे होते. आणि या शब्दांचा अर्थ केवळ संस्कृत-अरबी साहित्य असा होतो का, हे मेकॉलेला ठरवायचे होते. टिपणाच्या पहिल्याच वाक्यात ‘ब्रिटिश पार्लमेंट’ हे शब्द येतात, पण ते या १८१३ च्या कायद्याच्या संदर्भात. टिपणाचे रूपांतर ‘पार्लमेंटमधील भाषणा’त होण्यामागे हे पहिले वाक्य असावे, असा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

टिपण आजही संपूर्ण वाचता येते. हेन्री वुड्रो याने १८६२ मध्ये मेकॉलेची शिक्षणविषयक टिपणे संकलित करून छापली होती आणि १९२० मध्ये कलकत्त्यास सरकारी दप्तरातील शैक्षणिक कागदपत्रांची जी निवड एच. शार्प याने प्रसिद्ध केली, तिच्यातही ते आहे. मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचले. भिकारी नाहीत, चोर नाहीत, कणा मोडू या, यांपैकी एकही वाक्य त्यात नाही. नुसते वाक्य नाही असे नव्हे, त्या वाक्यांना बसायला जागाच नाही, कारण टिपणाचा सारा रोख नेमका उलटा आहे.

हा उलटेपणा जवळून पाहण्यासारखा आहे. कथित भाषणातला मेकॉले भारतीय संस्कृतीने दिपून गेलेला आहे. तिचे सामर्थ्य ओळखून, त्या सामर्थ्याच्या भीतीने तो ती मोडायला निघालेला आहे. टिपणातला मेकॉले मात्र आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही असे मोकळेपणाने सांगतो आणि पुढच्याच ओळींत, कुठल्याही चांगल्या युरोपीय ग्रंथालयातले एक फडताळ भारत आणि अरबस्तान यांच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचे आहे, असे बेदिक्कत लिहून मोकळा होतो. आपली समिती म्हणजे सार्वजनिक पैसा वाया घालवणारे मंडळ आहे आणि ती छापते त्या पुस्तकांपेक्षा त्यांचा कागद कोरा असताना अधिक मोलाचा होता, असेही तो म्हणतो. या माणसाला समोरच्या संस्कृतीची भीती वाटत नव्हती. त्याला तिची किंमतच वाटत नव्हती. भीती आणि तुच्छता या दोन वेगळ्या भावना आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी ठेवून कुणी बनावट लिहिली, की ती फार वेळ लपत नाही.

‘उच्च नैतिक मूल्ये’ या शब्दांबद्दलही हेच म्हणावे लागते. १८४१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जवर लिहिलेल्या निबंधात मेकॉलेने बंगाली माणसाविषयी जे लिहिले ते कुप्रसिद्ध आहे : रेड्याला जशी शिंगे, वाघाला जसा पंजा, मधमाशीला जसा डंख, तसे बंगाल्याला कपट. हे लिहिणाराच सहा वर्षांपूर्वी त्याच लोकांत एकही चोर दिसला नाही म्हणून थक्क झाला होता, असे मानायचे तर फार मोठा पुरावा हवा. शिवाय ज्या सरकारचा तो सदस्य होता ते सरकार त्याच वर्षांत ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम चालवत होते, आणि मेकॉले स्वतः विधी आयोगाचा अध्यक्ष म्हणून ज्या दंडसंहितेचा मसुदा करत होता आणि जी त्याच्या मृत्यूनंतर १८६० मध्ये भारतीय दंड संहिता म्हणून मंजूर झाली, तीत चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांच्या व्याख्या काळजीपूर्वक दिलेल्या आहेत.

‘भारतभर उभा-आडवा प्रवास’ हेही तसेच. फेब्रुवारी १८३५ पर्यंत तो भारतात येऊन पुरते आठ महिनेही झालेले नव्हते आणि त्याने पाहिले होते ते मद्रास, म्हैसूरचा काही भाग, नीलगिरी आणि कलकत्ता. पण मराठी वाचकाला सर्वांत आधी खटकायला हवे ते वेगळेच वाक्य : ‘हा देश आपण कधी जिंकू शकू असे वाटत नाही.’ प्लासीला तेव्हा ७८ वर्षे होत आली होती. पेशवाई बुडूनही सुमारे १७ वर्षे झाली होती आणि शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण लागलेले होते. सिंध आणि पंजाब सोडले तर जिंकायचे असे फारसे काही उरलेच नव्हते. १८१८ ही सनावळी आपल्याला शाळेपासून पाठ असते, आणि तरीही हे वाक्य वाचताना ती आपल्या डोक्यात येत नाही, हे मला या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत विचार करण्यासारखे वाटते. मीही ते अवतरण या कामाआधी कितीदा तरी वाचले होते आणि एकदाही अडखळलो नव्हतो.

भाषेचा पुरावा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवतो, कारण तो चुकीच्या हातात फार फसवा असतो. ‘ही शैली त्याची नव्हे’ असे सांगणाऱ्याला स्वतःच्या कानावर वाजवीपेक्षा जास्त विश्वास असण्याचा धोका असतो. मेकॉलेचे गद्य समतोल वाक्यखंडांचे, विरोधांवर खेळणारे आणि उदाहरणांनी भरलेले असते. या अवतरणाचे इंग्रजी मात्र एकामागून एक जोडत गेलेल्या उपवाक्यांचे, ढिसाळ असे आहे. मला त्याहून बोलका वाटला तो एक शब्द. ‘जे परकीय आणि इंग्रजी ते चांगले’ या वाक्यात इंग्रज वक्ता इंग्रज श्रोत्यांसमोर बोलताना स्वतःच्या भाषेला आणि संस्कृतीला ‘परकीय’ म्हणतो आहे. ती परकीय आहे ती आपल्या बाजूने पाहिल्यावर. वाक्य ज्याने रचले तो कुठे उभा राहून बोलत होता हे त्या शब्दात दिसते.

राहता राहिला माग काढण्याचा भाग. एखादे अवतरण खरे असेल तर ते ज्यांना सर्वांत उपयोगी पडले असते त्यांच्या लिखाणात ते सापडायला हवे. इंग्रजी शिक्षणावरची टीका काही काल-परवाची नाही. १९०५ नंतर राष्ट्रीय शिक्षण हा स्वदेशी, बहिष्कार आणि स्वराज्य यांच्या बरोबरीने लोकमान्यांच्या चतुःसूत्रीचा भाग होता. आणि १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी थेट मेकॉलेचे नाव घेऊन लिहिले की, त्याने घातलेल्या शिक्षणाच्या पायाने आपल्याला गुलाम केले आहे. पण लगेच पुढे ते म्हणतात की, त्याचा तसा हेतू होता असे मला सुचवायचे नाही, परिणाम मात्र तसा झाला. हे वाक्य मी बराच वेळ पाहत राहिलो. गुलाम करण्याचा हेतू वक्त्याने स्वतःच्या तोंडाने, भर पार्लमेंटात सांगितलेला असता आणि ते भाषण छापील स्वरूपात उपलब्ध असते, तर इंग्लंडमध्ये कायदा शिकलेल्या आणि या विषयावर लिहिणाऱ्या गांधीजींनी हेतूचा आरोप आपण होऊन मागे घेतला असता का? न सापडणे हा एरवी दुबळा पुरावा असतो. पण जेथे सापडायलाच हवे होते तेथे न सापडणे दुबळे राहत नाही.

हे अवतरण पसरले ते अगदी अलीकडे, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, आणि त्याला पंख फुटले ते मोबाइलवरच्या संदेशांमुळे. ते बनावट असल्याचे ज्यांनी आवर्जून लिहिले त्यांत कोनराड एल्स्ट हे बेल्जियन अभ्यासकही आहेत, ज्यांची सहानुभूती वसाहतवादाकडे आहे असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. ‘हे खोटे आहे असे म्हणणारा मेकॉलेचा वकील असणार’ ही लेखकांची पहिली प्रतिक्रिया होती, म्हणून हा उल्लेख करावा लागला.

माझा निष्कर्ष मी लेखी कळवला. अवतरणांच्या बाबतीत ‘चुकीचे श्रेय’, ‘मोडतोड’ आणि ‘बनावट’ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एकाचे वाक्य दुसऱ्याच्या नावावर गेले तर ते चुकीचे श्रेय. मूळ वाक्याचे शब्द बदलले किंवा मागचे-पुढचे छाटले तर ती मोडतोड. आणि वाक्यच कुणीतरी नव्याने रचून जुन्या माणसाच्या तोंडी घातले तर ते बनावट. हे तिसऱ्या प्रकारात बसते, आणि त्यात ‘बहुधा’ हा शब्द घालण्याचीही गरज नाही.

लेखक नाराज झाले, आणि त्यांची नाराजी मला समजली. त्यांना वाटले की अवतरण गेले म्हणजे लेखाचा मुद्दा गेला. प्रत्यक्षात स्थिती उलटी होती. बनावट अवतरणातला मेकॉले आपली स्तुती करतो आणि म्हणून तो आपल्याला हवाहवासा वाटतो; शत्रूच्या तोंडून आलेले प्रशस्तिपत्र कुणाला नको असते? खरा मेकॉले स्तुती करत नाही, पण लेखकांना जे म्हणायचे होते त्यासाठी तोच अधिक कामाचा आहे. आपण राज्य करतो त्या कोट्यवधींमध्ये आणि आपल्यामध्ये दुभाषे होतील असा एक वर्ग, रक्ताने आणि वर्णाने भारतीय, पण अभिरुची, मते, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज असा वर्ग, तयार करण्याचा प्रयत्न आपण सध्या केला पाहिजे, हे त्याचे वाक्य टिपणात आहे. ते कुणी रचलेले नाही. बेंटिंकने त्या टिपणाशी आपली पूर्ण सहमती नोंदवली आणि ७ मार्च १८३५ च्या ठरावाने शिक्षणाचा निधी इंग्रजीकडे वळला, हेही दप्तरात आहे.

फक्त ते वाक्यही अर्धवट छापू नये असा आग्रह मी धरला. त्याच्या आधी मेकॉले म्हणतो की, आपली साधने तुटपुंजी असल्यामुळे सगळ्या जनतेला शिकवणे आपल्याला अशक्य आहे. आणि नंतर म्हणतो की, देशी बोली सुधारणे, पाश्चात्त्य शास्त्रांतल्या संज्ञा घेऊन त्या समृद्ध करणे आणि ज्ञान हळूहळू बहुजनांपर्यंत पोहोचवणे हे काम या वर्गावर सोपवता येईल. ही मागची-पुढची वाक्ये ठेवली की तो सज्जन ठरतो असे नाही. वरून खाली ज्ञान झिरपवण्याच्या त्या कल्पनेवर टीका करायला उलट तीच वाक्ये लागतात. मातृभाषेवरच्या लेखात देशी भाषांविषयीचे त्याचे हे वाक्य गाळणे तर अगदीच चमत्कारिक झाले असते.

दोन दिवसांनी सुधारित लेख आला. सुरुवातीला टिपणातला उतारा होता, तिन्ही वाक्यांसह, आणि त्यावर लेखकांनी आपली टीका पहिल्यापेक्षा धारदार केली होती. उताऱ्याखालची ओळ मी मुद्रणापूर्वी पुन्हा तपासली : ‘लॉर्ड’ आणि ‘ब्रिटिश पार्लमेंटमधील भाषण’ गेले होते, त्यांच्या जागी ‘थॉमस बॅबिंग्टन मेकॉले, शिक्षणविषयक टिपण, कलकत्ता’ असे आले होते, आणि तारीख तीच, २ फेब्रुवारी १८३५, राहिली होती.